निवडणाऱ्यांना कोण निवडणार?

जूनच्या शेवटी भाचा पुण्याहून येऊन गेला. आंबे संपत आले होते, शेवटची पेटी त्याच्यासाठी राखून ठेवली होती. पण त्याचं लक्ष आमरसात कमी आणि मोबाईलमध्ये जास्त. दोनदा विचारलं तेव्हा म्हणाला, "मावशी, आज लॉटरीचा निकाल आहे."

माझा घासच अडकला. इंजिनिअर झालेला, चांगल्या नोकरीतला मुलगा लॉटरीच्या नादाला लागला की काय! माझा चेहरा बघून तो हसायला लागला. म्हणाला, "अगं, पैशाची नाही. त्या लॉटरीचे आकडे घेऊन दहा माणसं निवडणार आहेत. आणि ती दहा माणसं आमचा अध्यक्ष ठरवायला बसणार आहेत. मी पण नाव दिलंय."

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. ग्रामपंचायतीपासून राष्ट्रपतीपर्यंत कोण कसा निवडला जातो हे फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं. पण लॉटरीच्या आकड्यांवरून ठरणारी माणसं आणि त्यांनी निवडलेला अध्यक्ष, तोही इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींचा, हे काही माझ्या आकृतीत बसेना. मग दोन दिवस त्याला प्रश्न विचारून हैराण केलं, तो गेल्यावर स्वतः वाचत बसले. जे हाती लागलं ते लिहिते आहे. माझ्यासारख्याच ज्यांना कॉम्प्युटर म्हणजे नातवंडांचे फोटो बघायची पेटी वाटते, त्यांनीही वाचायला हरकत नाही. यात यंत्रापेक्षा माणसंच जास्त आहेत.

दोन कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलायचं तर बोलण्याचे नियम आधी ठरलेले हवेत. कुणी आधी बोलायचं, पत्ता कुठे लिहायचा, वाटेत काही हरवलं तर पुन्हा कसं मागायचं. इंटरनेटपुरते हे नियम जी संस्था लिहिते तिचं नाव इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, भाच्याच्या तोंडी आयईटीएफ. तिची पहिली सभा १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेत सॅन दिएगोला झाली. हजर माणसं २१. आमच्या शाळेचा स्टाफ त्याहून मोठा होता.

या संस्थेची गंमत अशी की तिला सभासदच नाहीत. म्हणजे कामाला माणसं भरपूर, पण सभासदत्वाचा अर्ज नाही, वर्गणीची पावती नाही, रजिस्टर नाही. ज्याला त्या विषयात काही सांगायचं आहे त्याने पत्रव्यवहारात भाग घ्यावा, जमलं तर सभेला जावं. आता नागरिकशास्त्राच्या बाईंना पहिला प्रश्न हाच पडणार की मतदारयादीच नसेल तर मतदान घेणार कसं? सभेला हजर असतील त्यांचं घ्यावं म्हटलं, तर एखादी गब्बर कंपनी आपली शंभर माणसं विमानात बसवून आणेल आणि हात वर करायला लावेल. म्हणून त्यांच्याकडे नियमांच्या मसुद्यांवरसुद्धा मतं मोजत नाहीत. चर्चा करकरून, आक्षेप ऐकून, बहुतेकांना पटलंय असं दिसलं की पुढे जातात. आणि सभागृहाचा कल बघायचा असला तर चक्क गुणगुणायला सांगतात! बाजूचे लोक ओठ मिटून "हूं" करतात, मग विरुद्ध बाजूचे करतात, आणि सभा चालवणारा कान देऊन अंदाज घेतो.

हे वाचून मला फार हसू आलं. आमच्या वर्गात मागच्या बाकांवरून ही गुणगुण सुरू व्हायची तेव्हा कोण करतंय ते कधीच सापडायचं नाही. सगळ्यांचे ओठ मिटलेले आणि चेहरे साळसूद. त्या मुलांचा जो फायदा, तोच या इंजिनिअरांचा. साहेब शेजारी बसला असला तरी कोण किती जोरात गुणगुणलं ते त्याला कळत नाही.

पण कामाच्या मसुद्याचं गुणगुणून भागतं, अध्यक्षाचं कसं भागणार? माणूस तर एकच निवडायचा असतो.

सुरुवातीला हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. इंटरनेट अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभं राहिलं आणि ज्यांनी ते उभं केलं तीच माणसं वरच्या मंडळात बसली. १९७९ मध्ये व्हिंट सर्फने सल्ल्यासाठी एक छोटं मंडळ नेमलं, त्याची रूपं बदलत बदलत ते इंटरनेट ॲक्टिव्हिटीज बोर्ड झालं. या बोर्डात नवा माणूस घ्यायचा तर बोर्डाचा अध्यक्ष नाव सुचवणार आणि उरलेले सभासद मान डोलावणार. बोर्डाचा अध्यक्षही सभासदांनीच आपल्यातून निवडायचा. थोडक्यात आपल्याकडच्या विश्वस्त मंडळांसारखं. जुन्यांनी नव्यांना घ्यायचं आणि नव्यांनी जुन्यांचं ऐकायचं. माणसं विद्वान होती, प्रामाणिक होती, आणि जोवर सगळे एकमेकांना नावाने ओळखत होते तोवर कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार १९९२ मध्ये झाली आणि ती पत्त्यांवरून झाली.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. जुन्या रचनेत असे पत्ते होते सुमारे ४२९ कोटी. ऐकायला पुष्कळ. पण ते वाटले जायचे गठ्ठ्यांनी. लहान गठ्ठा २५६ पत्त्यांचा, त्याच्या वरचा एकदम ६५,५३६ चा. एखाद्या कॉलेजला चारशे पत्ते हवे असले तर लहान गठ्ठा पुरायचा नाही, मग मधला द्यायचा आणि उरलेले पासष्ट हजार पडून राहायचे. (लग्नाला चारशे पानं आणि स्वयंपाक पंगतीच्या पंगती वाया, असला प्रकार.) हे मधले गठ्ठे भराभर संपायला लागले होते. काहीतरी नवी पत्तेपद्धत आणणं भाग होतं आणि संस्थेच्या निरनिराळ्या गटांत त्यावर वेगवेगळे प्रस्ताव शिजत होते.

त्या जूनमध्ये जपानमधल्या कोबे शहरात एक परिषद झाली. तिथे बोर्डाची मंडळी जमली आणि त्यांनी निर्णय करून टाकला की आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने तयार केलेली पत्तेपद्धत पायाला घ्यायची. त्यांच्या दृष्टीने वेळ थोडा होता, ती पद्धत कागदावर तयार होती, तेव्हा शहाणपणाने एक वाट धरली. वाईट हेतू काही नसावा. पण खालच्या इंजिनिअरांना ते पत्रांतून कळलं आणि भडका उडाला. आयएसओ म्हणजे त्यांच्या मते प्रतिस्पर्धी. तिथे देशोदेशीच्या मानक संस्था एकेक मत टाकतात, वर्षानुवर्षं कागद फिरतात, सरकारांचा पाठिंबा त्यांना. अमेरिकी सरकारनेसुद्धा १९९० पासून आपल्या खरेदीत त्या मानकांचा आग्रह धरला होता. आणि इकडे प्रत्यक्ष चाललेलं जाळं यांचं. आम्ही अजून पर्याय तपासतो आहोत आणि मूठभर ज्येष्ठांनी परदेशात बसून ठरवलं? तुम्हाला निवडलं कुणी?

हा शेवटचा प्रश्न एकदा विचारला गेला की मागे घेता येत नाही. इतिहासात कुठेही बघा.

पुढच्याच महिन्यात, जुलै १९९२ मध्ये, केंब्रिजला (अमेरिकेतल्या, एमआयटीजवळच्या) सभा भरली. वातावरण तापलेलं. तिथे डेव्हिड क्लार्क नावाच्या एमआयटीच्या संशोधकाने भाषण केलं आणि त्यात जे मांडलं ते पुढे या मंडळींचं ब्रीदच झालं. त्याचा आशय असा की आम्हाला राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत आणि मतदानही नको, आमचा भरवसा ढोबळ सहमतीवर आणि प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रॅमवर. हा क्लार्क स्वतः बोर्डाचा जुना अध्यक्ष होता, हे लक्षात घ्या. राजे नकोत हे मलाही पटलं. मतदान नको हे वाचून मात्र मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लोकशाही म्हणजे मतदान हे समीकरण मी किती वर्गांना पाठ करायला लावलं असेल!

त्याच सभेत व्हिंट सर्फने वेगळाच प्रयोग केला. हे गृहस्थ नेहमी तीन कपड्यांच्या सुटात, अगदी टापटीप. ते बोलता बोलता एकेक कपडा उतरवायला लागले. कोट गेला, टाय गेला, शर्ट गेला, आणि आत टी-शर्ट निघाला. त्यावर लिहिलेलं की आयपी सगळ्यांवर चालतं. सभागृह हसून लोटपोट आणि निम्मा राग तिथेच विरला. त्या वाक्यात एक इंग्रजी श्लेषही आहे, तो मला भाच्याने सांगितला, पण इथे लिहिण्याजोगा नाही.

बोर्डाने पाऊल मागे घेतलं. पत्त्यांचा प्रश्न परत खाली गटांकडे गेला, १९९४ मध्ये टोरोंटोच्या सभेत नव्या पद्धतीची दिशा ठरली आणि तिला पुढे आयपीव्ही ६ म्हणायला लागले. ते असो. मला रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. भांडण पत्त्यांचं होतं, पण ते मिटवताना या लोकांनी ओळखलं की खरं दुखणं निवडीचं आहे. त्यासाठी एक वेगळा गट नेमला आणि तो चालवायला दिला स्टीव्ह क्रॉकरकडे. हा क्रॉकर म्हणजे १९६९ च्या एप्रिलमध्ये, विद्यार्थी असताना, या सगळ्या नियमावलीतला पहिला कागद लिहिणारा माणूस. मित्रांच्या घरी उतरला होता, रात्री कुणाची झोपमोड नको म्हणून बाथरूममध्ये बसून त्याने तो लिहिला. त्या कागदांना त्यांनी हुकूम किंवा नियम म्हटलं नाही, 'अभिप्रायासाठी विनंती' म्हटलं. आजही तेच म्हणतात. अशा माणसाकडे हे काम गेलं हे मला योग्य वाटतं.

वर्षअखेरपर्यंत वाद घालून त्यांनी जी वाट काढली ती जानेवारी १९९३ च्या अशाच एका कागदात नोंदली आहे. नियमांना शेवटची मंजुरी देण्याचा अधिकार बोर्डाकडून काढून कामाची सूत्रं सांभाळणाऱ्यांच्या गटाकडे दिला. आणि त्या गटातली माणसं, बोर्डातली माणसं आणि आयईटीएफचा अध्यक्ष निवडायला एक निवड समिती करायची ठरवलं. ही समिती कुणी नेमायची नाही आणि कुणी निवडूनही द्यायची नाही. कामाला तयार असलेल्यांनी नावं द्यायची आणि त्यातून सोडत काढायची.

आता त्या समितीत मत असणारी दहा माणसं असतात. नाव देण्याची नेहमीची पात्रता म्हणजे मागच्या पाच सभांपैकी तीनांना हजेरी. एका कंपनीची दोनपेक्षा जास्त माणसं नकोत, तिसरं नाव निघालं तर ते सोडून पुढचं घ्यायचं. समितीचा कारभार बघणारा वेगळा नेमतात, पण त्याला मत नाही. ही दहा माणसं मग महिनोन्‌महिने मुलाखती घेतात, ज्यांनी त्या उमेदवारांबरोबर काम केलंय त्यांना विचारतात, आणि एक नाव ठरवून बोर्डाकडे पाठवतात. बोर्ड ते मान्य किंवा अमान्य करतं, स्वतःचं नाव घुसवू शकत नाही. मुदत दोन वर्षांची.

हे वाचताना मला राहून राहून व्हेनिस आठवत होतं. तिथला डोज, म्हणजे राज्याचा प्रमुख, १२६८ पासून नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवलं त्या १७९७ पर्यंत अशाच खटाटोपाने निवडला जायचा. महामंडळातून चिठ्ठीने ३० काढायचे, त्यांतून चिठ्ठीने ९ ठेवायचे, त्या ९ जणांनी ४० निवडायचे, ४० मधून चिठ्ठीने १२, त्या १२ नी २५ निवडायचे, २५ चे चिठ्ठीने ९, त्यांनी ४५ निवडायचे, ४५ चे चिठ्ठीने ११, त्यांनी ४१ निवडायचे आणि त्या ४१ जणांनी डोज. हुश्श! गोळे काढायला एक लहान मुलगा. आणि आपल्याकडे तमिळनाडूत उत्तरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर, दहाव्या शतकातल्या चोळ राजाच्या काळात, कोरून ठेवलंय की गावसभेसाठी नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या मडक्यात घालायच्या आणि लहान मुलाकडून काढायच्या. तिथेही मूल! शिवाय ज्याने मागच्या कामाचा हिशोब दिलेला नाही त्याचं नाव मडक्यात जाणार नाही, आणि त्याच्या नातेवाइकांचंही नाही. कंपनीची दोनच माणसं म्हणणाऱ्यांचे हे आपले पूर्वजच की. हा शिलालेख मी दर वर्षी शिकवायचे, दोन मार्कांना यायचा. त्यामागे केवढा विचार आहे हे मात्र मी कधी वर्गात बोलले नाही, कारण मलाच ते कळलेलं नव्हतं.

इंजिनिअरांना मडकं आणि मूल चालण्यासारखं नव्हतं. जगभर पसरलेली माणसं, समोर कुणी बसलेलं नाही, मग सोडत खरी कशावरून? डोनाल्ड ईस्टलेक नावाच्या गृहस्थाने त्यावर तोडगा लिहिला, त्याचं सुधारलेलं रूप २००४ चं आहे. नाव दिलेल्यांची यादी क्रमांकासह आधी जाहीर करायची. कुठल्या लॉटऱ्यांचे, कुठल्या तारखेचे आकडे घेणार तेही आधीच जाहीर करायचं. कधी अमेरिकी सरकारच्या कर्जाच्या आकड्याचे शेवटचे अंकही घेतात, ते कुणाच्या हातात नसतात, सरकारच्याही नसावेत! आकडे आले की ते एका ठरलेल्या गणितात घालायचे आणि त्यातून दहा क्रमांक बाहेर पडतात. कुणीही, कुठेही बसून तेच गणित करावं, उत्तर तेच आलं पाहिजे. भाच्याने माझ्यासमोर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून केलं. दहा नावं आली. जाहीर झालेली दहाही तीच. त्यात त्याचं नाव नव्हतं.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"थोडं. पण वाईट वाटून भांडायचं कुणाशी?"

हे सगळं सोवळं आहे असं मात्र नाही. २००६ मध्ये नावांच्या यादीचा घोळ झाला म्हणून सोडत पुन्हा काढली, तेव्हा लोक चिडले. एकदा पडलेली चिठ्ठी परत टाकता येते म्हटलं की न आवडलेली चिठ्ठीही परत टाकता येईल, हे त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. गुप्ततेचाही अतिरेक होता. कोण कोण उमेदवार आहेत हेसुद्धा २००९ पर्यंत उघड करायचं नाही. मत मागवायला ज्यांच्याकडे यादी पाठवायची त्यांनाही खरी कळू नये म्हणून त्यात उमेदवार नसलेल्यांची नावं घुसडायचे! शेवटी हा खोटेपणा त्यांचा त्यांनाच खटकला आणि नावं उघड करायची मुभा झाली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पैसा. अध्यक्षपद हे जवळजवळ पूर्ण वेळचं काम, पण त्याला संस्था पगार देत नाही. ज्याची कंपनी वा संस्था म्हणेल की जा बाबा, दोन वर्षं जगाचं काम कर, पगार आम्ही देतो, तोच उभा राहू शकणार. ते मडक्यातल्या चिठ्ठीने सुटत नाही. पहिली स्त्री अध्यक्ष, अलिसा कूपर, झाली ती २०१७ मध्ये, म्हणजे पहिल्या सभेनंतर ३१ वर्षांनी.

हजेरीचंही तसंच. वर्षाला तीन सभा, त्या उत्तर अमेरिका, युरोप, आशिया अशा फिरत्या. पाचपैकी तीन गाठायच्या तर पुण्यातल्या पोराने तिकिटं कुणाच्या जिवावर काढायची? २०२० मध्ये कोरोनाने सभा घरी बसून घ्यायला लावल्या, त्यानंतर नियम बदलले आणि घरून लावलेली हजेरीही धरायला लागले. म्हणून तर भाचा मडक्यात आला. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून त्याने ती हजेरी भरली आहे. त्याची आई मला फोनवर सांगायची की हा रात्री कुणाशी तरी बोलत असतो, आणि आम्ही दोघी भलताच अर्थ काढून खूश होतो.

निघायच्या आदल्या रात्री त्याने विचारलं, "पण मावशी, तुला यात एवढा रस कसा?"

मग त्याला सांगितलं. १९८४ ची गोष्ट. आमची शिक्षकांची पतपेढी होती. संचालक मंडळाची निवडणूक, आणि मंडळ आपल्यातून चेअरमन करणार. आमच्या शाळेतले गणिताचे एक सर उभे होते, कुठल्याच पॅनेलमधून नाही, एकटे. आदल्या वर्षीच्या वार्षिक सभेत त्यांनी व्याजाच्या हिशोबातली चूक उभं राहून दाखवली होती आणि उत्तर मिळालं नव्हतं. ते निवडून आले असते तर ते उत्तर मिळवल्याशिवाय राहिले नसते. शाळेत सगळे म्हणायचे, माणूस असावा तर असा.

निवडणुकीच्या आठवड्यात पॅनेलचे एक कार्यकर्ते स्टाफरूममध्ये आले. चहा घेतला, सगळ्यांची चौकशी केली. जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "बाई, तुमचा घराच्या कर्जाचा अर्ज लक्षात आहे बरं का आमच्या." एवढंच. धमकी नाही, काही नाही. भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि पावसाळा दोन महिन्यांवर होता.

सर चार मतांनी पडले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे वेळेवर आले, पहिल्या तासाला वर्गावर गेले. मला म्हणाले, "बाई, तुमच्यासारख्या चारजणी अजून हव्या होत्या." त्यांना वाटत होतं की माझं मत त्यांना आहे. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

भाचा गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे तू..."

"हो."

"आणि कर्ज?"

"मिळालं. मे महिन्यात स्लॅब पडला."

त्याने वर बघितलं. मीही बघितलं.